ऑफिसातला फोन

१० जून

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

मी नोकरीला लागले! कॉलेजच्या ऑफिसातल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात. त्या येईपर्यंत त्यांच्या जागी मी. प्रवेशाचे अर्ज तपासायचे, शिक्के मारायचे, रांगेतल्या पोरांवर डोळे वटारायचे. इतकी वर्षं भिंतींशी बोलले, आता दिवसभर माणसं. हेडक्लार्क सदा वैतागलेले असतात, पण चहा स्वतः आणून देतात. फक्त माझ्या टेबलावर फोन ठेवलाय. त्याचं काय ते बघू.

तू मात्र पत्रच लिही. माया आहे तशीच असू दे.

तुझी ताई

१८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नोकरीचं वाचून आनंद झाला. पण मनातलं विचारू? मागे मी फोनवर सांगितलं, हिचा पाय मोडलाय, प्लास्टर घातलंय. तू म्हणालीस, बरं झालं बाई, आणि फोन ठेवलास. त्यानंतर फोन उचलतच नाहीस. ही म्हणते, वन्सं कशावरून तरी रागावल्यात. आमचं चुकलं असेल तर चार शब्द सुनाव, पण अशी तोडू नकोस.

जुना लोभ थोडा तरी शिल्लक असेल, या आशेवर,

बाळ्या

२७ जून

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

अरे, तिचा पाय मोडला हे मला आत्ता कळतंय! मला नीट ऐकू येत नाही रे. समोर माणूस असला की ओठ बघून भागतं. फोनवर ओठ कुठून आणू? त्या दिवशी तुझं ‘हिचा’ एवढंच ऐकू आलं. बातमी चांगलीच असणार असं धरून बोलून गेले. म्हातारी झाली म्हणतील, म्हणून कुणालाच सांगितलं नाही.

परवा ऑफिसात ते उघडं पडलं. प्राचार्यांनी फोनवर पालकसभेसाठी साठ खुर्च्या सांगितल्या, मी सात मांडून घेतल्या! पालक भिंतीला टेकून उभे, प्राचार्य लालबुंद. हेडक्लार्कांनी बोलावलं तेव्हा वाटलं, संपली नोकरी. खरं ते सांगून टाकलं. ते उठले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि सावकाश म्हणाले, एवढंच ना? मग फोन उचलून स्वतःच्या टेबलावर नेला आणि मला अर्ज घ्यायच्या खिडकीवर बसवलं. वर दटावलं, कानाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सोमवारी यायचं नाही. घरी येताना इतकं हलकं वाटत होतं!

वहिनीची माफी मागते. राग सोडून जे उरेल ते मला द्या.

तुझी ताई

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ही मोठ्याने वाचत होती. निम्म्यावर तिला हसू फुटलं, मग दोघं पोट धरून हसलो. पाय मोडल्याबद्दल शाबासकी देणाऱ्या तुम्ही एकट्याच, असं तिने मुद्दाम कळवायला सांगितलंय. आता ती चालते, भांडतेही. कानांचं काय झालं ते लगेच कळव.

तुझ्या रागाला नाही, अबोल्याला घाबरणारा,

बाळ्या

२२ जुलै

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

कानात मशीन बसलं. कागद किती आवाज करतात! ऑफिसातला पंखा कुरकुरतो आणि हेडक्लार्क काम करताना गुणगुणतात, तेही बेसूर. रजेवरच्या बाई दिवाळीनंतर येतायत, तेव्हा मी घरी. पुढच्या प्रवेशांना पुन्हा बोलावू म्हणालेत.

माझ्या पत्राची वाट न बघता रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नुसतीच गप्प होते. ऐकू येत नाही असं वाटून तू ओरडायला लागलास. येत होतं रे, सगळं येत होतं. तुझा आवाज हुबेहूब बाबांसारखा झालाय. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

बोलत राहा.

तुझी ताई