तळ्याकाठच्या काठ्या

वटार,
मार्च १९८३

ती. आत्मारामदादांस,

हरिश्चंद्राचा साष्टांग नमस्कार. इथे सगळं ठीक. प्रेमलता बरी आहे, आणि मीही बरा आहे असं ती म्हणते. इगतपुरीची थंडी तुमच्या गुडघ्यांना कितपत मानवली? वहिनींचा खोकला थांबला का? (सविस्तर लिहा. रिटायर झाल्यापासून मला एका जागी बसवत नाही. पत्र वाचताना तेवढा बसतो.)

तळ्याकाठचा आंबा वादळात आडवा झाला हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्याखाली रोज बसणारे आमचे बळीरामकाका तेव्हापासून घराबाहेर पडेनात. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण आंबा नाही एवढं नेमकं दिसायचं. तिथे नवी झाडं लावायचं ठरलं आणि गावात मोकळा मीच (घरात नकोसाही मीच), म्हणून निवड माझ्या गळ्यात आली. एक सरकारी माणूस नीलगिरी फुकट द्यायला टपलेला. मी ग्रामसभेत उभा राहिलो आणि आपल्या मातीतली पानझडी झाडंच हवीत, ती थंडीत पानं गाळून खाली ऊन सोडतात, असं इतकं बोललो की बसायचं राहूनच गेलं. सावर सुचवली, तर तिचा कापूस वाळवणावर उडेल म्हणून बायका उठल्या. बहावा सुचवला, तर आमचा शेजारी सॅन्टन म्हणाला, "हरिभाऊ, तो फुलेपर्यंत काका थांबतील काय?" मग मी काकांनाच जाऊन विचारलं. "हरी, मना दिसल असा काय तरी लाव," एवढंच ते म्हणाले. म्हणून पांगारा. लालभडक फूल, आणि फांदी रोवली की जगते.

पावसाच्या तोंडावर मनगटाएवढ्या फांद्या रोवल्या, त्या छान पालवल्या. दिवाळीनंतर पानं गळू लागली. आता दादा, पानझडी झाडाची पानं झडतात हे साऱ्या गावाला ओरडून मीच सांगितलेलं. पण पहिलं पान पडलं आणि माझाच धीर सुटला. सकाळी जायचो, दुपारी जायचो, नखाने साल खरवडून आत हिरवं दिसतंय का बघायचो. (प्रेमलता म्हणाली, आजाऱ्याला कुणी इतकं टोचलं तर तो कंटाळून मरेल.) पलीकडच्या मार्गारेटने तर काठ्यांना दोरी बांधून धुणं वाळत घातलं. मी भांडायला गेलो. ती म्हणाली, "झाड असतं तर घातलं नसतं."

शेवटी काठ्या मेल्या असं धरून त्या उपटून नीलगिरी लावायचं पंचायतीने ठरवलं. माणसं कुदळी घेऊन यायच्या आत मी काकांना हाताला धरून तळ्यावर आणून बसवलं. त्यांच्यासमोर उपटायला तरी लाजतील, हा माझा हिशेब. काका मान वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हरी, त्या काठीवर लाल काय हाय?"

"मार्गारेटचं धुणं," मी म्हणालो आणि तावातावाने ओढायला गेलो. हाताला काटा बोचला. कपडा नव्हता तो. नागड्या काठीच्या शेंड्यावर फुलांचा घोस आला होता. रोज बुंधाच खरवडत राहिलो, वर बघायचं मला सुचलंच नव्हतं. दादा, बोचलेलं बोट चोखत मी वरच बघत राहिलो. "आता का गप झाला?" काका हसत म्हणाले. कुदळवाले आले, फूल बघून उभे राहिले, आणि विडी ओढून परत गेले. काका आता रोज तळ्यावर येतात. येईल त्याला फूल दाखवतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
हरिश्चंद्र

ता. क. दादा, मी प्रेमलता. पाकीट चिकटवायच्या आत लिहितेय. फूल आलं तरी यांचं खरवडणं थांबलेलं नाही, आता नवीन पालवी का नाही म्हणून. कृपा करून यांना महिनाभर तुमच्याकडे बोलवून घ्या. झाडांची काळजी नको. पाणी आजवर मीच घातलंय.

ता. क. २. वरचं वाचलं. यायला माझी हरकत नाही. तुमच्या अंगणात मोकळी जागा किती आहे तेवढं उलट टपाली कळवा. फांद्या पोत्यात बांधून ठेवल्या आहेत.