ताईचा आवाज आणि माझी सवड

३ मार्च, मंगळवार
आजपासून कुणी आळशी म्हटलं तर लाजायचं नाही. पुरावा हाताशी आहे. साहेबांनी तीन आठवड्यांपूर्वी मागितलेला स्टॉकचा तक्ता मी केलाच नव्हता. आज कळलं, तो तक्ता आता कुणालाच नकोय. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपल्या वाट्याचा चार दिवस मान मोडून केला. त्यांची मान अजून दुखतेय, माझी ठणठणीत. निष्कर्ष: थांबलं की निम्मी कामं आपोआप मिटतात. बायकोला सांगितलं. म्हणाली, "आणि उरलेली निम्मी मी करते." मुद्दा तिच्या डोक्यात शिरला नाही.

४ मार्च, बुधवार
ताईचा फोन. आवाज घोगरा, मध्येच तुटणारा. घशातली गाठ वाईट निघाली. बाराला, गुरुवारी ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. जीव वाचेल, पण आवाज जाईल. म्हणाली, "त्याआधी एकदा येऊन जा. तुझ्याशी बोलायचंय. फोनवर नको, समोर बस."
आई गेली तेव्हा मी सहाचा, ताई सोळाची. मला तिनंच वाढवलं. तेव्हा नीट सवड काढूनच जायला हवं. घाईत तोंड दाखवून येणं म्हणजे तिचा अपमान. रविवार नक्की.

८ मार्च, रविवार, दुपारी ४.१०
जेवून जरा पाठ टेकली होती. आत्ता जाग आली. दोन बस बदलून पोचेपर्यंत सहा वाजणार. आजारी माणसाला संध्याकाळी त्रास देणं बरं नव्हे. शिवाय न जाण्यात तिचाच फायदा: घशाला तेवढीच विश्रांती. बायको मला न उठवता एकटीच गेली. हा आगाऊपणा.

९ मार्च, सोमवार
बायकोकडून कळलं, ताई एकेकाला बोलावून बोलून घेतेय. नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या. खालच्या शिंप्याशी वीस वर्षांचा अबोला होता, तोही सोडला. बेल वाजली की दाराकडे बघत होती म्हणे. बायकोला तिखटमीठ लावून सांगायची सवयच आहे.

१० मार्च, मंगळवार
ऑफिसातून परस्पर जायचं ठरलं होतं. घरी येऊन बूट काढल्यावर आठवलं. पुन्हा घालायचे जिवावर आलं. सात वाजता ताईचा फोन वाजला. उचलला नाही. "कधी येतोस?" हेच विचारणार, आणि उद्या तर जातोच आहे. उगाच तिचा घसा कशाला शिणवायचा?

११ मार्च, बुधवार, दुपारी ३
अर्ध्या दिवसाची रजा टाकली. स्वतःहून! निघतोय हे सांगायला भावोजींना फोन केला. म्हणाले, ऑपरेशन एक दिवस अलीकडे आलं. सकाळी साडेआठलाच आत नेलंय. "तेच सांगायला काल तिनं तुला फोन केला होता."
यात माझी चूक नाही. मला तारीख बाराच सांगितली होती. बाराच.
रजा तशीच गेली. घरी येऊन पडलो. झोप आली नाही.

१६ मार्च, सोमवार
ताईला भेटलो. गळ्याला पट्टी, मधोमध नळी. श्वास तिथूनच घेते. हसली, पण आवाज नाही. मला बघवेना, बाहेर आलो. भावोजींना विचारलं, तिला माझ्याशी काय बोलायचं होतं? म्हणाले, "आम्हाला कुठे सांगितलं? तुझ्यासाठीच ठेवलं होतं."
आत गेलो. लिहायची पांढरी पाटी तिच्या मांडीवर ठेवली, मार्करचं टोपण काढून दिलं. म्हटलं, ताई, आज दिवसभर बसतो, सावकाश लिही.
तिनं मार्कर घेतला. मग लिहिलं, "खूप आहे रे. लिहवत नाही. राहू दे."
मार्कर माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले.
बसून राहिलो. नर्सनं दोनदा सांगितल्यावर उठलो.