सात नंबरची कवळी

सोमवार, १० नोव्हेंबर

शेवटी माझाही नंबर लागला. परवा दिवाळीचा आकाशकंदील उतरवायला स्टुलावर चढलो आणि कंदिलाआधी मीच खाली आलो. खुबा मोडला. शहात्तराव्या वर्षी स्टुलावर चढणाऱ्या बापाला आभानं फोनवरून जे सुनावलं, ते इथं लिहीत नाही. पोरगी पुण्याला, सासूबाईंच्या आजारपणात अडकलेली. तेवीस तारखेच्या रविवारी येऊन मला घेऊन जाणार आहे. तोवर सह्या करायला शेजारचा अमर आहे.

वॉर्ड झकास आहे. यवतमाळात कचेरीत उभा जन्म काढला, पण या दवाखान्याची पायरी चढलो नव्हतो. बारा खाटा, सगळे साठीच्या पुढचे. मी आठ नंबर, खिडकीत कडुनिंब. सात नंबरला घाटंजीकडचे किसनराव, न्यूमोनियातून उठलेले. उशाशी त्यांची बायको विजयमालाबाई. गृहस्थ बोलका. तासाभरात मला त्यांच्या नाल्याकाठच्या तुरीची सगळी हकिगत कळली. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद केला म्हणून डॉक्टरवर रुसलेत. मला खर्ऱ्याच्या नुसत्या वासानं मळमळतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

इथली पद्धत कळली. सकाळी तरुण डॉक्टर अनिकेत येतात आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतात: नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता. तापात किंवा ऑपरेशननंतर म्हाताऱ्यांना भ्रम होतो म्हणे. तिन्ही उत्तरं बरोबर आली तरच घरी सोडतात. मी तिन्ही सांगून वर तिथीही सांगितली. किसनराव रोज पास होतात, शुक्रवारी सुटणार आहेत. म्हणाले, "मले घरी जाचं हाय बाबूजी, तूर फुलावर आली."

दुसरी पद्धत हंसाबाईंची. या वॉर्डातल्या मावशी. सगळ्यांच्या कवळ्या एका पातेल्यात गोळा करतात, मिठाच्या गरम पाण्यात एकदमच धुतात आणि ज्याच्या त्याच्या तोंडात बसवून देतात. माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. विचारलं, अदलाबदल झाली तर? वाट्यांना चिठ्ठ्या का लावत नाही? बाई हसल्या. "पंधरा वर्सं झाले बाबूजी, तोंड पाहून दात ओळखतो मी."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काल ऑपरेशन झालं. भूल देण्याआधी कवळी काढून घेतली होती, आज दुपारी हंसाबाईंनी परत बसवली. टोचते आहे. तोंड सुजलं असेल.

कालपासून किसनराव एकच ओरडत होते, हे दात माहे नाहीत. मला हसू आलं. विजयमालाबाईंना म्हटलं, या वयात स्वतःचे दातसुद्धा परके होतात, मनावर घेऊ नका.

आज मात्र ओरडले नाहीत. चारच्या सुमारास माझ्याकडे मान वळवली आणि अगदी स्वच्छ, कचेरीत बोलतात तशा मराठीत विचारलं, "आभा आली का?"

मी तिचं नाव त्यांना सांगितलं असणार. सोमवारी कधीतरी. बायकोला ते "आपण कोण?" म्हणाले. ती माउली पदर तोंडाला लावून रडली. डॉक्टरांनी गाव विचारलं तर म्हणाले, यवतमाळ. फाइलमध्ये भ्रम लिहिला गेला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी अकराला किसनराव गेले. आजच घरी जाणार होते. विजयमालाबाईंनी तोंडात तुळशीपत्र ठेवलं, पाणी घातलं आणि हंसाबाईंना सांगितलं की कवळी काढू नका, चेहरा भरलेला दिसू द्या. तशीच ठेवली. गाडी घाटंजीकडे गेली.

मग मी माझी काढून पाहिली. दातांच्या मुळांशी तपकिरी डाग आहेत, खर्ऱ्याचे. माझ्या कवळीची डावीकडची दाढ सुपारीनं फुटलेली आहे, नऊ वर्षं झाली. ही दाढ धड आहे.

म्हणजे माझी त्यांच्या तोंडात होती. आता ती घाटंजीच्या स्मशानात जळते आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सगळ्यांना सांगितलं. हंसाबाई म्हणाल्या, औषधानं डाग पडतात. अमर म्हणाला, काका, तुम्ही आराम करा. डॉक्टर अनिकेत खाटेवर बसून प्रेमानं म्हणाले की आजारपणात हिरड्या आक्रसतात, सगळ्यांना असंच वाटतं. उठताना सिस्टरला हळूच सांगितलं, आठ नंबरवर लक्ष ठेवा.

विजयमालाबाईंशी मी याच सुरात बोललो होतो. लाज वाटते.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आता टोचत नाही. नीट बसली आहे. त्याचीच जास्त भीती वाटते.

जेवणानंतर तोंडाला पाणी सुटतं. खर्रा हवासा वाटतो. मला, खर्रा! अमर डबा घेऊन आला तर मी त्याला विचारलं, तुरीवर फवारणी झाली का. मला तूर नाही. मला शेतच नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नाव सांगायला वेळ लागला. जीभ आधी दुसरीकडे वळत होती, ओढून आणली. वामन म्हणालो. गाव विचारलं, तोंडातून घाटंजी गेलं. मनात यवतमाळ होतं, अगदी स्पष्ट यवतमाळ. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी ही वही पुढे केली. त्यांनी दोन पानं वाचली, माझा हात थोपटला आणि म्हणाले, यालाच आम्ही भ्रम म्हणतो काका.

कवळी काढून उशीखाली लपवली. पण बोळक्या तोंडाचं माझं बोलणं कुणाला कळेना आणि पोळी चावता येईना. दुपारी हंसाबाईंना सापडली. आईच्या मायेनं पुसली आणि माझ्या तोंडात बसवली. गाल कुरवाळून गेल्या.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

निघत नाही. दोन्ही हातांनी ओढली. रक्त आलं, ती हलली नाही. सिस्टरला वाटलं मी स्वतःला इजा करून घेतो आहे. मनगटं खाटेला बांधली, मऊ पट्टीनं. जेवायला सोडतात, तेवढ्यात लिहितो.

हात अजून माझा आहे.

परवा आभा. आभाला कळेल. तिला मी एका नजरेत —

शनिवार, २२ नोव्हेंबर

तिन्ही चुकले. इंजेक्शन दिलं.

झोपेत नाला दिसतो. विजयमालाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्यात. मी तिला हाक —

ती माझी कुणी नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

जेवायला हात सोडलेत. आभा आली. कपाळावरून हात फिरवला, बाबा म्हणाली. घरी चल म्हणायचं होतं — सगळं मनात तयार होतं — तोंड उघडलं आणि तोंड म्हणालं, "कोन वं तू, माय?"

ती तशीच खाली बसली. रडते आहे. मी ओरडतोय आत. बाहेर तोंड तुरीबद्दल बोलतंय.

डॉक्टर तिला सांगताहेत, अशा अवस्थेत घरी नको. तिला चारची बस आहे. हात पुन्हा बांधायला आले तेव्हा मी बोटांनी खूण केली, लिहू द्या. आभा भांडली त्यांच्याशी माझ्यासाठी. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, स्वतःचं नाव तीनदा बरोबर लिहिलं तर आजच सोडतो.

उजवा हात मोकळाच ठेवला. आभानं वही धरली आहे. तिचं बोट ओळीखाली आहे. सगळे बघताहेत. सावकाश, बाबा, म्हणते.

माझं नाव वामन.

माझं नाव वा मन

माह्यं नाव कि