फुकट सांगणारा माणूस

बाई, दादाचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. तुम्हाला हे कळवावं असं वाटणारी आता मी एकटीच उरले आहे, आणि तुम्ही तर केव्हाच उरला नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा आमच्या धसईच्या बाजूला एखाद्या दुकानातच फोन असायचा. तुमची बातमी मला मुरबाडच्या एसटी स्टँडवर गावातल्या एका काकांनी सांगितली, आणि सांगून झाल्यावर गाडी सुटेपर्यंत ते माझ्याशेजारी बसून राहिले. दादाच्या पायाची बातमी गावच्या ग्रुपवर पडली. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. कल्याणला दवाखान्यात त्यातलं कुणीच आलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही आम्हा दोघा भावंडांना तुमच्या खोलीवर न्यायचात. किराणा दुकानामागची ती खोली, स्टोव्हचा वास, तुम्ही ताटात तांदूळ निवडताय आणि दादा साखरेच्या पुडीचा कागद मांडीवर सपाट करून मोठ्याने बातमी वाचतोय. कागद मध्येच फाटलेला, तरी वाचून झाल्यावर तो ठासून सांगतो की पूल पडला तो ठेकेदारामुळेच. तुम्ही मान वर न करता म्हणता, अर्धाच कागद आहे ना तुझ्याकडे, मग अर्धंच सांग. एकदा म्हसा गावच्या जत्रेत माणसासारखा बोलणारा बैल आलाय असं त्याने वर्गात सांगितलं. स्वतः ऐकलास का, असं तुम्ही विचारलंत. तो म्हणाला, नाय बाई, पण खरं हाय. शाळा सुटल्यावर तुम्ही त्याला घेऊन ज्याने सांगितलं त्याच्या दारात गेलात, मी मागून. त्याने आपल्या मेव्हण्याचं नाव घेतलं. मेव्हणा वालाच्या शेतात होता, त्याने जीपवाल्याचं नाव घेतलं, आणि जीपवाला नुसता हसला. परत येताना बांधावर अंधार पडला होता आणि दादा रडवेला झाला होता. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "दर वेळी एवढं चालायला जमणार नाही. पण निदान विचारत जा, सांगतो कोण, आणि सांगून त्याला मिळतं काय."

दादाने ते पाठ केलं. माझ्यापेक्षा तोच तुमचा खरा विद्यार्थी, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि सलतही होतं. पुढे मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला लागला, घरची भातशेतीही बघायचा, आणि तरी तालुक्याच्या वाचनालयातून जाड जाड पुस्तकं आणायचा. जेवताना वाचतो म्हणून वहिनी चिडायची. मग हातात फोन आला. आधी पुस्तकं गेली, मग पेपर गेला, मग मी पाठवलेला चार ओळींचा निरोपसुद्धा तो शेवटपर्यंत वाचेना. काही विचारलं की म्हणायचा, पाहिलंय मी ते. त्याच्याकडे बसलं की त्याचा अंगठा काचेवर सरकत असायचा आणि दर थोड्या वेळाने नवा माणूस नव्या आवाजात काहीतरी शिकवून जायचा. मी त्याला एकदाच टोकलं. तो हसून म्हणाला, तू मास्तरीण, तुला पुस्तकाबाहेरचं काय दिसणार.

त्याला शुगर होती. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. एका व्हिडिओत पांढऱ्या झब्ब्यातल्या कुणीतरी सांगितलं की या गोळ्यांनीच किडनी जाते, त्यापेक्षा मेथी आणि कारल्याचा रस घ्या. दादाने गोळ्या बंद केल्या आणि कुणाला सांगितलं नाही. भाताच्या लावणीत चिखलातला दगड तळव्याला लागला. दुखलं नाही म्हणून त्याने हळद भरून फडकं बांधलं. मी घरी गेले तेव्हा आधी वास आला, मग ते फडकं दिसलं.

ऑपरेशननंतर मी त्याला विचारलं. विचारायला नको होतं, पण माझा राग मावत नव्हता. म्हटलं, एवढा वाचणारा तू, त्या माणसाचं ऐकलंस कसं? त्याने चादर कापलेल्या पायावर ओढून घेतली. मग म्हणाला, "बाईंनी सांगितलेलं तेच केलं गो. सांगतो कोन, त्याला मिळतं काय, ते बघितलं. डॉक्टर फी घेतो. गोळ्यावाली कंपनी पैसे घेते. तो मानूस फुकट सांगत होता. त्याला माझ्याकडनं काय मिळनार होतं?"

याचं उत्तर मला, बाई, घरी परतताना जीपमध्ये सुचलं, तेव्हा उपयोग संपला होता. तू बघत बसला होतास, दादा, तेच त्याला मिळत होतं. तुझ्यासारखे हजारो बसले होते.

तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे. फाटका कागद दिसतो तरी. त्याच्याकडे येत होतं ते कुठेच फाटलेलं दिसत नव्हतं. आणि चालत जाऊन गाठायला कुणाचं दार नव्हतं. तुम्ही त्याला संशय घ्यायला शिकवलंत, आणि ज्याने त्याला बुडवलं त्याने तोच संशय वापरला. माझ्या पाचवीच्या वर्गात मुलं धडा घडाघडा वाचतात. पुस्तक मिटून काय वाचलंस विचारलं, तर माझ्या तोंडाकडे बघत राहतात, जणू पुढचं चित्र आपोआप येणार आहे. तुमचा प्रश्न मी त्यांना शिकवत नाही. त्याच्या जागी काय शिकवायचं तेही मला ठाऊक नाही. मुलांचं वाचन सुधारतंय, असं वरच्यांना सांगून मी पगार घेते.

दादा आता ओटीवर बसून असतो. कंपनीने हिशेब करून घरी बसवला. वहिनी भाजी घेऊन बाजाराला जाते. फोन त्याने सोडलेला नाही, आणि आम्ही कुणी काढूनही घेत नाही. दिवस घालवायला त्याच्याकडे दुसरं आहे काय?

हे कुठल्या ग्रुपवर टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. डॉक्टरांनी सहीचा कागद पुढे केला तेव्हा वहिनी माझ्याकडे बघत होती. आलेच म्हणून मी जिन्यात गेले आणि पाय न कापता बरा होतो का, ते फोनवर शोधलं. एकामागून एक सगळीकडे डॉक्टर म्हणाले तेच होतं. ते मी भराभर वर सरकवत गेले. मग एक शांत आवाजाचा माणूस सापडला. तो म्हणाला, होतो. त्याचं बोलणं मी शेवटपर्यंत ऐकलं. मग परत येऊन वहिनीला म्हटलं, कर सही. पण ऐकत होते तेवढा वेळ, बाई, मला फार बरं वाटत होतं.