हात की वायर

बुधवार, १० सप्टेंबर

चि. टिकलीस,
आशीर्वाद. या वेळी मोजून.

काल मंगळवारी, नऊ सप्टेंबरला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तुझ्या प्रयोगशाळेतल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत, भिंतीवरच्या स्पीकरमधून तू मला सगळ्यांदेखत बजावलंस की मावशी, हात हलवू नकोस, नुसती कल्पना कर. वेळ मी घड्याळात पाहिली. कोर्टात जन्मभर लघुलेखन केलेल्या बाईला नोंद ठेवायला शिकवावं लागत नाही.

दोन वर्षं झाली, अर्धांगाच्या त्या झटक्यापासून माझा उजवा हात मांडीवर शालीखाली पडून आहे. मी सांगून तो हलला नाही, डॉक्टरांनी सांगून हलला नाही. शेवटी त्यांनीच हात टेकले आणि व्यायाम करून घेणारी बाईही यायची बंद झाली. आणि त्या हाताला तू म्हणतेस, हलू नकोस! दाराच्या काचेपलीकडे तुझी ती कुरळ्या केसांची मैत्रीण हसली, तेही मी पाहिलं.

मी आले ते तुझ्यासाठी. डोक्यावर जाळीची टोपी घातली, केसांत गार चिकट जेल भरू दिलं. पडद्यावर मूठ दिसली की मूठ मिटल्याची कल्पना केली, ब्रश दिसला की तळव्यावरून काही फिरल्याची. ते मेंदूतले तरंग टिपून पुढे कुणा लुळ्या माणसासाठी यंत्राचा हात चालवणार म्हणालीस, म्हणून तासभर पुतळ्यासारखी बसले. आणि शेवटी काय, तर माझी नोंद बाद, कारण यंत्राने ‘हालचाल’ पकडली. म्हणजे मी लबाडी केली? अगं, कॉन्व्हेंटात, सिस्टरांच्या शाळेत शेजारणीच्या वहीकडे नुसती नजर गेली तरी आम्हाला तासभर उभं करायच्या. तेव्हापासून माझी मान वळत नाही.

फोन करू नकोस, उचलणार नाही. काय ते लेखी कळव. माझं डाव्या हाताचं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, पण तू ते वाचतेस.

तुझी (सध्या नाइलाजाने),
मावशी

---

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

कान पकडते. पत्र आईलाही दाखवलं. ती म्हणाली की ताईचा पारा चढला म्हणजे तब्येत झकास आहे. कुरळी तुला हसली नव्हती. तू टोपी घालून न्यायाधीशासारखी ताठ बसली होतीस, त्याचं तिला कौतुक वाटलं. ती तुला घाबरते.

लबाडी कुणीच म्हणत नाही गं. दोन्ही हातांवर कोपराखाली आम्ही चिकटपट्ट्या लावल्या होत्या, आठवतं? स्नायू जरा जरी ताणला तरी त्यांना कळतं. खरी हालचाल आणि कल्पनेतली हालचाल यांची सरमिसळ नको, म्हणून जिथे स्नायू जागा झाला तो तुकडा कॉम्प्युटर आपणहून बाजूला काढतो. आम्ही ते उघडूनही पाहत नाही. सगळ्यांचंच थोडंफार बाद होतं. बाकीची माणसं तर धडधाकट हातांची, त्यांना राहवतच नाही. तुझाही डावा हात चुळबुळला असेल. बाद तुकडे शनिवारी, वीस तारखेला पुसून टाकतात, म्हणजे तो डागही राहणार नाही.

राग गिळ आणि रविवारी जेवायला ये. लोभ आटवू नकोस.

तुझी,
टिकली

---

रविवार, १४ सप्टेंबर

चि. टिकलीस,
आशीर्वाद.

जेवायला येत नाही. तुझं पत्र वाचून कप विसळायला गेले आणि नळ तसाच सोडून परत आले. पुन्हा वाचलं. ‘दोन्ही हातांवर’ असं तू लिहिलं आहेस.

माझा डावा हात चुळबुळत नव्हता. त्याने मी खुर्चीचा दांडा धरला होता. तुझ्या शास्त्रापुढे मी अडाणी, पण साक्षी आयुष्यभर उतरवल्या आहेत. कुणीतरी काहीतरी केलं असं साक्षीदार म्हणाला की न्यायाधीश आधी विचारतात, कुणी? तर कोणत्या हाताच्या पट्टीने पकडलं? तुकडे उघडून बघ. ‘असेल’ चालणार नाही.

कालपासून या खुर्चीतून त्या खुर्चीत बसतेय. लवकर लिही.

मावशी

---

मंगळवार, १६ सप्टेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

उजव्या.

काल कुरळीने आणि मी सगळे तुकडे उघडले. डाव्या हाताची रेघ सपाट आहे. उजवीवर बारीक थरथर आहे, आणि तीसुद्धा फक्त ब्रशच्या वेळी. मुठीच्या वेळी काहीच नाही. मला लाज वाटते मावशी. धडधाकट हातांसाठी केलेला नियम तुझ्या हाताला लावला आणि काय फेकतोय ते बघितलंही नाही.

पण आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, म्हणाले ते सांगायलाच हवं. पट्टी सैल असेल, वायर हलली असेल, खांद्याचा ताण खाली उतरला असेल, तरी अशीच रेघ येते. पेशंटला आशा लावू नका, आणि पुन्हा नोंद घ्यायला या महिन्यात खोली रिकामी नाही, असं ते म्हणाले. मी वाद घातला. बघू म्हणाले.

एक विचारू? ब्रश दिसला की तू नक्की काय करत होतीस?

तुझी,
टिकली

---

बुधवार, १७ सप्टेंबर

चि. टिकलीस,
अनेक आशीर्वाद, न मोजता.

ब्रशचा मला कंटाळा आला होता. मुठीशीही मला काही देणंघेणं नव्हतं. तू चार वर्षांची असताना तापाने फणफणली होतीस, तुझी आई कामावर होती आणि मी उशाशी बसले होते. माझा तळवा गार लागतो म्हणून तू तो झिडकारायचीस, मी पुन्हा ठेवायचे. ब्रश दिसला की मी तुझं ते तापलेलं कपाळ आठवत होते. कपाळ तळव्याला लागायचं तर हाताला तिथवर जायला नको का? तो निघाला असेल. मला न विचारता.

सकाळी तुझं पत्र आल्यापासून शाल काढून ठेवली आहे. हात टेबलावर, दिव्याखाली ठेवलाय. त्याला तुझ्या कपाळाकडे पाठवते आणि बघत बसते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. शेजारीण बेल वाजवून गेली, मी उठले नाही.

तुझ्या सरांना सांग, आशा लावू नका हे सांगायला उशीर झाला. ती लागली. आता तिचं काय करायचं ते त्यांनी बघावं.

माझं म्हणणं असं. बाद तुकडे पुसायचे नाहीत. पट्टी नवी लावायची, वायर घट्ट बसवायची, खांद्यावरही पट्टी लावायची आणि नोंद पुन्हा घ्यायची. खोली नसेल तर मी जिन्यात बसेन. हात निघाला तर ती व्यायामवाली बाई उद्याच्या उद्या परत यायला हवी. दोन वर्षं आधीच वाया गेली आहेत. वायर निघाली तर वायर लिहा. मी रडेन, पण ते माझं मी बघेन. फक्त न बघता ‘वायर’ लिहायचं नाही.

हे पत्र माणसाहाती पाठवते आहे. तुकडे ठेवले की नाही आणि मला कोणत्या दिवशी बोलावता, याचं उत्तर सरांच्या सहीनिशी, शुक्रवार, १९ सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी मिळालं पाहिजे. पाच वाजून एक मिनिटाने मी तुमच्या दारात असेन, आणि सर्वांदेखत काय बोलायचं ते मलाही येतं.

तुझी,
मावशी