गारठ्यातलं चरबीचं डिझेल

प्रिय दादा,

समोरासमोर बोलायला बसलो की तू मोठेपणाचा आव आणतोस आणि मला रडू फुटतं, म्हणून लिहिते आहे. आई म्हणते, काय ते भांडून घ्या आणि जेवायला या. पण हे भांडण जेवणाने मिटणारं नाही.

रुग्णवाहिकेचे ड्रायव्हरकाका काल आपल्या कारखान्याच्या फाटकाशी उभे होते. त्यांना कामावरून काढून घरी बसवलंय. गाडी चढावर बंद पडली, आतल्या बाईला रस्त्याकडेलाच मूल झालं, ते अजून काचेच्या पेटीत आहे, आणि तू रुग्णालयाला कळवून मोकळा झालास, की ड्रायव्हर टाकी साफ ठेवत नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने अंगातला स्वेटर काढून त्या बाळाला गुंडाळलं, त्याच्याकडे बोट दाखवताना तुला काहीच कसं वाटलं नाही?

टाकीत काय होतं ते तुला पक्कं ठाऊक आहे. खाटीकखान्यातली चरबी वितळवून आपणच केलेलं डिझेल. त्यात वाईट काही नाही. उन्हाळाभर आपण तेच विकलं आणि मला त्याचा अभिमान आहे. सुरुवातीला हॉटेलांच्या मागच्या दारांतून तळणीचं जळकं तेल गोळा करायचो, लोक नाकं मुरडायचे आणि आपण दोघं पोट धरून हसायचो. तेव्हाचा तू कुठे गेलास रे?

चरबीचं डिझेल थंडीत तुपासारखं थिजतं. म्हणून गारठा पडला की ते फक्त भट्ट्यांना द्यायचं, गाड्यांना तळणीच्या तेलाचंच, हा नियम तूच घालून दिलास. यंदा ते तेल कमी पडलं. मी प्रयोगशाळेतून फोन करून सांगितलं, माल गढूळ होतोय, पाठवू नकोस. तू म्हणालास, दुपारी ऊन पडतंच की. ते पडलं नाही, दादा. चूक कुणाच्याही हातून होते. ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची, हा कुठला मोठेपणा?

घरातली गोष्ट घरातच राहील, असं तू धरून चालला आहेस. रुग्णालयाच्या उद्याच्या चौकशीला मलाही बोलावलंय, हे तुला माहीत नाही. मी सगळं सांगणार आहे. कारखान्याला टाळं लागलं तर माझंही काम जाईल, आई कदाचित माझ्याशी बोलणार नाही, तरी सांगणार. माझ्याआधी उठून तू स्वतः सांगितलंस, तर तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसेन. नाही तर समोरच्या. कुठली, ते सकाळपर्यंत ठरव.

तुझीच,
धाकटी