अपेक्षाचं प्रथिन

यवतमाळ,
नोव्हेंबर २०१७

प्रिय मिताली,

तुझ्या मेलना उत्तर दिलं नाही, फोनही उचलला नाही. रागावली असशील. अपेक्षा तुमच्या लॅबमध्ये कधी रुजू होणार, असं तू विचारत राहिलीस आणि मी मेल उघडून बंद करत राहिले. हे टाइप करता येईना, म्हणून किती वर्षांनी हातानं लिहायला बसले आहे.

तू तिला पुण्यात एकदाच पाहिलंस. कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकणारी, माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. बाभुळगावच्या पलीकडच्या खेड्यातून रोज एसटीनं यायची. तिच्याच वावरातल्या कपाशीच्या मुळांवरून तिनं जिवाणू वाढवला, तुम्ही त्याचा जनुकक्रम वाचून दिलात. अमिनो आम्लं पेशीत ओढून घेणारी त्याची प्रथिनं कोणती, हे तिला शोधायचं होतं. बाकीची पटापट सापडली, कारण ओळखीच्या प्रथिनांशी त्यांचे क्रम जुळत होते. एक मात्र कशाशीच धड जुळेना. संगणक दर वेळी ‘कार्य अज्ञात’ म्हणून मोकळा व्हायचा. मी म्हटलं, सोड ते. तिनं सोडलं नाही. दूरदूरच्या जिवाणूंमधली तशीच प्रथिनं जमवली, त्यांचे क्रम एकाखाली एक लावून छापले, कागद डिंकानं जोडले आणि कुठलं अक्षर कुठेच बदलत नाही, ते लाल पेन्सिलीनं रंगवत बसली.

तू म्हणशील, हे मला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, मिताली. ते कागद तिनं बहुतेक दवाखान्यात रंगवले.

यंदा कपाशी डोक्याच्या वर गेली होती. वारा नाही, नुसता उकाडा. तिचे वडील, पुंडलिकराव, पाठीवर पंप घेऊन फवारायला शिरले आणि औषधाचा फवारा त्यांच्याच तोंडावर येत राहिला. संध्याकाळी त्यांना समोरचं दिसेना. त्या महिन्यात तसे किती जण दवाखान्यात येत होते, ते तू पेपरात वाचलं असशील. झटके यायचे म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधलेले होते. मी भेटायला गेले तेव्हा अपेक्षा त्यांच्या पायांशी बसून कागद रंगवत होती. मला पाहून ओशाळली. म्हणाली, “काहीतरी करत राह्यलं का बरं वाटते, मॅडम.”

मधे काही दिवस ते सावरले. नजर थोडी परतली. मी तिथे असताना त्यांनी विचारलं, “हे कोन्त्या भाषेतलं होय वं?” तिनं समजावलं: या जिवाणूला पडदा असते, खाणं आपोआप आत जात नाही, कोणीतरी आत घ्यावं लागते, हा एक कोण आहे ते समजत नाही, म्हणून त्याचे भाऊबंद शोधून राह्यली. ते हसले. “म्हंजे तू त्याची सोयरीक पाहून राह्यली!” शेजारच्या पलंगावरचा माणूसही हसला. त्या वॉर्डात मी ऐकलेलं तेवढंच हसू. त्याच आठवड्यात तिनं मला येऊन सांगितलं, त्या लाल अक्षरांवरून हे प्रथिन प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल आत नेत असणार. मी तुला कळवलं, तुम्ही ते जनुक काढून टाकून प्रयोग लावलात.

पुंडलिकरावांना घरी न्यायचं ठरत होतं. आदल्या दिवशी श्वास अडकला आणि ते गेले. तुझी मेल आली तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. तू लिहिलं होतंस, ‘पोरगी बरोबर निघाली, तिला माझ्याकडून पेढा दे.’

तेराव्यानंतर मी पुन्हा गेले. अपेक्षा आणि तिची आई, विमलताई, कापूस वेचत होत्या. विमलताई हल्ली तिला नजरेआड होऊ देत नाहीत. घरात तिसरं कोणी नाही. मी कपाशीच्या ओळीच्या कडेला उभी राहून निकाल सांगितला आणि तुमच्या लॅबमध्ये कधी जाणार, तेही विचारलं. तिनं कमरेची ओटी सैल केली, कापूस खाली ओतला आणि विचारलं, “जनुक काढल्यावर प्रोलीन आत जाणं पूर्ण थांबलं, का थोडं जात होतं?”

“थोडं जात होतं.”

“मग ते आत नेणारं अजून एक आहे, मॅडम. शोधा.”

‘शोधू’ नाही म्हणाली. ‘शोधा’ म्हणाली. मग सांगितलं, “माही जागा कोणाले तरी देऊन टाका. आईले सोडून मले नाही येता येत. पुढच्या वर्षी पाहू.” आणि पुन्हा वाकून वेचायला लागली. मी वाद घालायला हवा होता. घातला नाही, कारण ते ‘पुढच्या वर्षी’ मी ओळखते. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा पुण्यातलं काम सोडून मी एका वर्षासाठी इथे आले होते, तुला आठवत असेल. बाबा आठ वर्षं अंथरुणावर होते. त्यांचं केलं, त्याचं दुःख नाही. पण ते गेल्यावरही मी परत निघाले नाही. कुठे निघायचं, तेच उरलं नव्हतं.

तू तेव्हा एकदा ‘परत येतेस का’ विचारलंस, मी नाही म्हटलं, आणि माझं म्हणणं मानायचं म्हणून तू परत विचारलं नाहीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मी वाट पाहत होते, मिताली. हे तुला कधी बोलले नाही. म्हणून हे पत्र. अपेक्षाला मी विचारून झालं, पण मी स्वतःच कधी निघाले नाही, माझ्या तोंडून तिला ते खरं वाटणार नाही. तू ये. तिच्या आईपाशी बस, वावरात जा, आणि तिला दुसऱ्यांदा विचार. ती बहुतेक नाहीच म्हणेल. तरी विचार.

इथेच राहून गेलेली, तुझीच
शुभदा